जीपखालची चाटलेली जागा

सरदार मेला त्या दिवशी आमच्या घरात कोणी रडलं नाही. सगळे माझ्याकडं बघत बसले.

सरदार म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा, पारिसाअण्णांचा कुत्रा. जैनाच्या घरचा, भाकरी आणि ताकावर वाढलेला. आधी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला, मग ओकला, मग बादलीभर पाणी प्याला आणि शेवटी लघवी बंद होऊन आडवा पडला. निपाणीहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरनं त्याची पापणी उलटी करून बघितली आणि कानडीत सांगितलं, "किडनी होगेद. एनो विषा तिंदद." किडन्या गेल्या, काहीतरी विष खाल्लंय.

विष म्हटल्यावर आमच्या घराला एकच माणूस आठवलं. मी.

त्याला कारण होतं. थोड्याच दिवसांपूर्वी त्या कुत्र्यानं माझी वाळत घातलेली सोवळ्याची साडी ओढून गोठ्यातल्या शेणात लोळवली होती. मी त्याच्यावर चुलीतलं लाकूड फेकलं होतं आणि "मर की मुडद्या एकदाचा" असं ओरडले होते. ओरडले होते, नाही कशाला म्हणू. जाऊ, मंजुश्रीआक्का, तिथंच बसून तांदूळ निवडत होती. तेव्हा एक शब्द बोलली नाही. जपून ठेवलं आणि वेळ आल्यावर बाहेर काढलं.

"तू मर म्हणालीस. मेलं बिचारं," आक्का म्हणाली.

"म्हटल्यानं मरतंय व्हय? मग मला तुमी रोज म्हणता, मी कशी काय जित्ती ऱ्हायली?"

"बघा. तोंड बघा हिचं," आक्का घराला म्हणाली.

त्याच संध्याकाळी माझ्या हातचं पाणी बंद झालं. आमच्यात पाणी दुहेरी कापडातून गाळतात, आणि कापडात अडकलेले जीव पुन्हा विहिरीत सोडतात. लग्न होऊन आल्यापासून हे काम माझं. आक्कानं माझ्या हातातून कापड काढून घेतलं. "जीव मारलेल्या हातानं जीव वाचवायचं सोंग नको," म्हणाली. मला ताट वाढायचं, पण बाजूला, सोप्याच्या कोपऱ्यात.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. पण चातुर्मास होता. गावात मुनीमहाराज होते आणि त्यांच्या आहारासाठी चौका लावायचं, म्हणजे सोवळ्यात शुद्ध स्वयंपाक करून दारात उभं राहायचं, आमच्या घराचं ठरलं होतं. पारिसाअण्णा बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, गेले आणि देवासमोर, अख्ख्या समाजासमोर सांगून आले, "आमची धाकटी चौक्यात नसणार. तिच्या हातनं पंचेंद्रिय जीवाचा घात झालाय."

आमच्यात हा शब्द साधा नाही. खुनाचा आळ आला तर वकील तरी मिळतो. घाताचा आळ आला की लोक तुमच्या दारातून पाण्याचा तांब्या उचलत नाहीत आणि पुढची पंचवीस वर्षं तुमच्या लेकरांच्या सोयरिकीत तो निघतो. माझा नवरा, राजकुमार, तेव्हा अण्णांच्या शेजारी बसला होता. बस्तीतल्या खांबासारखा. खांब निदान छप्पर तरी उचलतो.

आता जीपचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशी येतं.

अण्णांचं निपाणीत पाइपांचं आणि ठिबकच्या सामानाचं दुकान. माल आणायला ते स्वतः बेळगावला जातात, सासऱ्यांच्या काळातली जुनी जीप घेऊन. त्या जीपला ते साधं पाणी पाजत नाहीत. डब्यातलं हिरवं कूलंट घालतात आणि ते गावाला ऐकवत असतात. ते कूलंट काही दिवसांपासून कमी होत होतं. अण्णा वरून घालायचे, चार-दोन फेऱ्या झाल्या की पुन्हा खाली. सरदार गेल्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्यांनी युवराज मिस्त्रीला बोलावलं.

युवराजनं रेडिएटरचं झाकण उघडलं, गाडी चालू केली, मागं जाऊन धूर बघितला, ऑइलची पट्टी काढून पुसली, पुन्हा बुडवून बघितली. मग पोतं टाकून रेडिएटरखाली डोकं घातलं. उठला तो हात झाडतच.

"भाईर गळती न्हाय, अण्णा. खाली वाळकं ठक्क हाय. म्हंजे इंजिन आतल्या आत पितंय. इंजिनाचं वरचं हेड उतरवाय लागतंय."

मी न्हाणीपाशी धुणं धूत होते. माझा बाप बेळगावात वडगावच्या मागवाल्यांच्या साड्या टेम्पोतून पोचवायचा. टेम्पोच्या पोटाखाली बसून मी अभ्यास केलाय. तोंड आवरलं नाही.

"आत पीत असंल तर धूर पांढरा नको? ऑइल दुधागत नको?"

"तुला कुणी विचारलं?" अण्णा म्हणाले.

युवराज हसला. "वैनी, तुमी भाकरी बघा."

"भाकरी बघायला ठेवली न्हाय मला, म्हणून गाडी बघतीय."

युवराजचं हसू गेलं. अण्णांनी त्याला हेडचं बघू म्हणून पाठवून दिलं आणि स्वतः मोटारसायकलवरून दुकानाला गेले. मी ओल्या हातानं शेडमध्ये शिरले आणि जीपखाली आडवी झाले.

रेडिएटरखाली खरंच वाळकं होतं. मातीवर धूळ, धुळीवर कोंबडीच्या नखांच्या रेघा. शेजाऱ्यांच्या कोंबड्या, आमच्या नव्हेत. पण मागं, गाडीच्या पोटाच्या मधोमध, एका जागी धूळ नव्हती. तळहाताएवढी जागा, काळपट, गुळगुळीत. गाय मिठाचा खडा चाटते आणि खडा जसा होतो, तशी जमीन झाली होती. तिच्याभोवती सरदारच्या पंजांचे ठसे, आणि बाजूलाच तो अंग टाकायचा तो खळगा.

मी तिथंच पडल्या पडल्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. गाडीतलं हिरवं पाणी कुत्र्यानं चाटलं तर काय होतं, असं विचारलं. त्यानं आधी सरदारची लक्षणं पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाला, गोड असतं ते, जनावर आवडीनं चाटतं. तुमच्या कुत्र्याचं जसं झालं तसंच होतं, आधी झोकांड्या, मग किडनी. गाडी गळते का तुमची, म्हणाला.

तोच तर प्रश्न होता. गळत असेल तर मी सुटले. नसेल तर जन्मभर मी कुत्रं मारलेली बाई.

अण्णा आल्यावर मी सरळ सांगितलं. त्यांनी चपलाही काढल्या नव्हत्या.

"गाडी गळत न्हाय. मिस्त्रीनं बघितलंय. तू केलंस ते आता माझ्या गाडीवर ढकलतीस?"

"मिस्त्रीनं सकाळी बघितलंय. गार गाडी."

"गाडी गरम असली काय, गार असली काय, भोक त्ये भोक."

हे पाइप विकणारा माणूस बोलतो. पाण्याला जोर असला की कुठून निघतं आणि जोर नसला की कसं निघत नाही, हे गिऱ्हाइकाला रोज समजावून सांगणारा माणूस.

मी विचार करत बसले. गळतं, पण सकाळी दिसत नाही. मग कधी गळतं? आणि अण्णांची संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर आली. आमच्यात सूर्य बुडायच्या आत जेवायचं. अण्णा त्यात फार कडक. पण बेळगावच्या बाजारात घासाघीस करण्यात त्यांना उशीर होतो, आणि मग सूर्याशी शर्यत लावत ते जीप हाणतात. तवंदी घाटात माल भरलेली जुनी गाडी, पाय दाबून धरलेला. काटा लाल पट्टीत गेला तरी थांबायचं नाही, कारण सूर्य थांबत नाही. दारात आले की किल्ली फिरवून उडी मारतात, पाय धुतात आणि पाटावर बसतात. त्यांच्याबरोबर सगळं घर बसतं. त्या वेळी आमच्या आवारात चिटपाखरू नसतं.

माझा बाप घाट चढून आला की टेम्पो तसाच थोडा वेळ चालू ठेवायचा. म्हणायचा, पळून आलेल्या माणसाला एकदम खाली बसवू नये. गाडी तापलेली असताना बंद केली की पंखा थांबतो, आतलं पाणी फिरायचं थांबतं, तापतं आणि वाट शोधतं. अण्णांच्या गाडीला वाट सापडत होती, ती नेमकी आमचं घर तोंडात घास घालत असताना. आणि तेव्हा शेडमध्ये एकटा सरदार असायचा. म्हणून थारोळं कधी कुणाला दिसलं नाही. तो ते पुसून ठेवत होता, जिभेनं.

पुढच्या बेळगावच्या फेरीला अण्णा आले तेव्हा मी ताटावर बसले नाही.

"वाढलंय," आक्का म्हणाली.

"नको."

"नको तर नको. उद्यापर्यंत उपाशी."

पोतं आणि एक रिकामं ताट घेऊन जीपखाली गेले. वरून इंजिन टिकटिक करत होतं, उष्णता तोंडावर येत होती. बराच वेळ काही नाही. मग चेसीसच्या कडेला एक थेंब जमला, फुगला, पडला. हिरवा. मग दुसरा. मी खाली ताट सरकवलं. आत भांड्यांचा आवाज, अण्णांचा "आणखी आमटी" असा आवाज, आणि इथं टप, टप. आत जेवण आटोपून चुळा भरायचा आवाज आला तोवर थेंब बारीक होऊन थांबले होते.

ताट नेऊन मी अण्णांच्या पायाशी ठेवलं. त्यांनी वाकून बघितलं, आणि मला वाटलं आता संपलं.

"डब्यातलं ओतलंस," ते म्हणाले.

"डबा तुमच्या खोलीत कुलपात हाय."

"ज्या हाताला जीव घ्यायला काय वाटत न्हाय, त्येला कुलूप काय अवघड?"

राजकुमार उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं. तो ताटाकडं बघत होता.

सकाळी मी निपाणीला युवराजच्या गॅरेजवर गेले. एका ट्रॅक्टरच्या पोटात हात घालून तो उभा होता. मी सगळं सांगितलं. त्याला राग आला. यायचाच.

"माझं चुकलं म्हणताय?"

"तुमची येळ चुकली. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून पेशंट बरा हाय म्हणणारा डॉक्टर बघितलाय का कुठं?"

"हे बगा वैनी, पारिसाअण्णा माझं जुनं गिऱ्हाईक. तुमच्या घरातल्या भांडणात मला घालू नका."

"नका पडू. हेड उतरवा, परत बसवा. तरीबी कूलंट कमी झालं की अण्णा चौकात बसून तुमचं नाव घेतील. गावाला कूलंटचं सांगत्यात, तुमचंबी सांगतील."

यानं त्याला हलवलं. माझ्या अब्रूनं नाही, स्वतःच्या अब्रूनं. मला चाललं. मला साक्षीदार हवा होता, सज्जन नको होता. अण्णांचा शब्द फिरवायचा तर अण्णांनीच बोलावलेल्या माणसाच्या तोंडून फिरायला पाहिजे होता.

पुन्हा अण्णा बेळगावला गेले त्या दिवशी उन्हं कलताना युवराज गोठ्यामागं येऊन थांबला. विड्या ओढत होता. जीप आली. नेहमीसारखीच, धुराळा घेऊन. किल्ली फिरली, अण्णा उतरले, पाय धुतले, आत. युवराज बॅटरी घेऊन जीपखाली सरकला, मी शेजारी.

थेंब आला.

युवराजनं बोट लावून हुंगला. मग बॅटरीचा झोत चेसीसवरून ओलीच्या उलट्या दिशेनं, पुढं इंजिनाकडं नेत गेला. ओली रेघ लोखंडाच्या खाचेतून आली होती, सापासारखी सरकत. रेडिएटरचा तिच्याशी काही संबंध नव्हता. इंजिनाच्या पाठीमागं, ड्रायव्हरच्या पायांपुढच्या पत्र्याला लागून, हीटरला जाणारी रबरी नळी होती. क्लिपखाली रबर वाळून चिरलं होतं, आणि चिरेतून पाणी बुडबुड करत होतं.

"हीटरची नळी," युवराज स्वतःशीच बोलला. "निपाणीत हीटर लागतंय कुणाला. आयुष्यात कुणी हात लावला नसंल हिला. गळतंय कुटं आन पडतंय कुटं."

"हे आत येऊन सांगा."

"तुमी बोलवा त्यास्नी. मी हितं बोट धरून बसतो."

मी सोप्याच्या दारात गेले. अण्णांच्या ताटात अर्धी भाकरी होती. खिडकीतून सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकलेला दिसत होता.

"अण्णा, भाईर या. युवराज मिस्त्री आलाय. गळती सापडली."

"जेवून येतो."

"जेवण झालं की थेंब थांबतोय. म्हणून तर आजवर कुणाला दिसला न्हाय."

कोणी हललं नाही. आमच्यात पाटावरून उठलं की त्या दिवसाचं जेवण संपलं, पुन्हा बसता येत नाही. अण्णांनी घास मोडला आणि आमटीत बुडवला. मुद्दाम सावकाश. मला वाटलं घरात जाऊन ते ताट लाथाडावं.

राजकुमार उठला. हात तसाच खरकटा.

"ताट टाकून उठतोस रं?" आक्का म्हणाली.

तो माझ्या अंगावरून बाहेर गेला. जीपखालून त्याचा आवाज आला. "अण्णा. गळतंय." थोडं थांबून, "लई गळतंय."

मग अण्णांना उठावं लागलं. आक्काही उठली. सगळी ताटं अर्धी. अण्णा शेडमध्ये उकिडवे बसले. युवराजनं झोत आधी थेंबावर टाकला, मग रेघेवर, मग नळीवर. थेंब पडतच होते.

"कूलंटच हाय. हुंगा पायजे तर," युवराज म्हणाला. "हेड उतरवाय नको, अण्णा. वितभर नळी बदलायची."

"आणि हे चाटलेलं बघा," मी म्हणाले. "ही पावलं कुणाची? माझी हाईत का?"

अण्णांनी त्या जागेवर तळहात टेकला. त्यांचा कुत्रा होता तो. पिल्लू असताना त्यांनीच जांबोटीहून शर्टात घालून आणलेला. एका क्षणासाठी मला वाटलं आता माणूस बोलेल. बोलले ते असं.

"माझ्याकडनं नकळत झालं. नकळत झालं त्येला घात म्हणत न्हाईत."

"आणि मी केलंच न्हाय, त्येला काय म्हणायचं?"

"गैरसमज झाला. घरात मिटवू."

"घरातलं बस्तीत तुमी नेलं. मी न्हाय. तिथंच मिटवा."

"थोरल्या दिराला बस्तीत उभा करतीस?"

"मला केलं तवा थोरली-धाकटी बघितली?"

युवराज बॅटरी विझवून कधी गेला कळलं नाही. शहाणा माणूस.

दुसऱ्या दिवशी नळी बदलून झाली. आक्कानं पाणी गाळायचं कापड माझ्यासमोर टाकलं. "धर," एवढंच. चूक झाली नाही, वाईट वाटलं नाही, काही नाही. मी हात लावला नाही. अण्णा बस्तीत गेले आणि परत आले. मी राजकुमारला विचारलं, बोलले का. तो म्हणाला, "चौका झाल्यावर बघू म्हणाले." म्हणजे समाजाच्या डोळ्यांसमोर चौका माझ्याशिवायच होणार. त्यानंतर कोण विचारतंय.

चौक्याच्या सकाळी मी अंघोळ केली, सोवळ्याची साडी नेसले, कलश घेतला आणि दारात जाऊन उभी राहिले. गल्लीत चार दारांत लोक कलश घेऊन उभे होते. समोरच्या दारात आण्णाप्पाकाका आणि त्यांची बायको दुर्गाबाई. अण्णा पांढऱ्या धोतरात, हातात कलश, बाहेर आले आणि मला बघून थबकले. मागं राजकुमार आणि आक्का.

"आत जा. लोक बघत्यात."

"बघू द्यात. त्यासाठीच उभी हाय."

महाराज दारासमोर थांबले की घरच्यांनी मोठ्यानं म्हणायचं असतं, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, अन्न-पाणी शुद्ध आहे. त्याशिवाय ते आत पाऊल टाकत नाहीत. मी अण्णांच्या कानाशी, पण राजकुमारला आणि आक्काला ऐकू जाईल असं म्हणाले, "वचनशुद्धी तुमच्या तोंडातनं निघणार. बस्तीतलं तुमचं वचन खोटं होतं हे ठाऊक असून निघणार. म्हणा. मी शेजारी उभी राहून ऐकते."

गल्लीच्या तोंडाशी लोक दिसले. मध्ये महाराज, हातात मोरपिसांची पिंछी. पहिल्या दारातून नमोस्तु, नमोस्तु सुरू झालं. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की हातात कलश नसता तर मारलंच असतं. मग त्यांनी कलश राजकुमारच्या हातात दिला.

"तू उभा ऱ्हा. माझं पोट बरं न्हाय," म्हणाले आणि आत गेले.

तोंड उघडून तेवढंही खरं बोलले नाहीत.

"पारिसाला काय झालं?" आण्णाप्पाकाकांनी समोरून विचारलं.

राजकुमार म्हणाला, "पोट..."

"पोट न्हाय, काका," मी म्हणाले. गल्लीला ऐकू जाईल असं. "त्यांच्या गाडीतनं विष गळत होतं. कुत्रं ते चाटून मेलं. मिस्त्रीनं दाखवलंय, ह्यांनी डोळ्यांनी बघितलंय. बस्तीत माझं नाव घेतलं ते खोटं. आता ते सांगायची लाज वाटते म्हणून आत गेलेत."

"व्हय, काका," राजकुमार म्हणाला. "मी बघितलंय."

महाराज आमच्या दारासमोरून गेले, क्षणभरही न थांबता, आणि आण्णाप्पाकाकांच्या दारात थांबले. आज कसल्या दारात थांबायचं याचा त्यांचा मनातला नियम त्यांनाच ठाऊक. मागून आक्काचा आवाज आला, दात खात. "तुझ्यामुळं गेले महाराज. सकाळपासनं एकटी मरतीय मी चुलीपाशी. तुझ्यामुळं गेले."

समोर दुर्गाबाई महाराजांना आत नेता नेता उंबऱ्यावर वळली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "सोवळ्यात हाईस न्हवं? मग उभी का? ये, हात लाव आहाराला."

मी गल्ली ओलांडली. हात धुतले. आहार देणाऱ्या प्रत्येकानं शुद्धी म्हणायची असते, मीही म्हणाले. मनशुद्धी म्हणताना अडखळले, कारण मन शुद्ध नव्हतं, रागानं नुसतं पेटलं होतं. वचनशुद्धी मात्र आमच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशी म्हणाले.